दुसरा डोळा

॥ श्री ॥

पनवेल,
५ जून १९९१

प्रिय आनंदा,

सप्रेम नमस्कार.

आम्ही सर्व खुशाल आहोत. तुम्हीही खुशाल असाल, असं मी दर पत्रात लिहितो, आणि तुझं उत्तर येत नाही म्हणून तेच खरं धरून चालतो. वाईट काही असतं तर आभाने कळवलं असतं. तिला आणि जावईबापूंना आमचे आशीर्वाद सांग.

अक्षराकडे बघू नकोस. पेनात नवी रिफिल घातली आहे, ती अडखळते. शिवाय हे मी झोपाळ्यावर बसून लिहितो आहे.

काल बाजारात गेलो होतो. ताहेरच्या रंगाच्या दुकानासमोर टेम्पो उभा होता आणि त्यातून शाडूच्या गोणी उतरत होत्या. गोणींवर गुजराती अक्षरं. मला गुजराती येत नाही, पण 'भावनगर' एवढं मी आता चित्रासारखं ओळखतो. एका गोणीची शिवण उसवली होती. तिच्यात मी मनगटापर्यंत हात घातला. गार, पिठासारखी माती. ताहेर गल्ल्यावरून ओरडला, "अरे मास्तर, माती आहे ती! मुलगी पसंत करायला आल्यासारखा हात काय धरून बसलास?"

"आनंदाच्या गावाहून आलीय," मी म्हटलं.

"मग लिही त्याला, पुढच्या गोणीत बसून स्वतःच ये म्हणावं. हमाल तयार आहेत आपले."

दोघंही हसलो. पण घरी येईपर्यंत मी हात धुतला नाही.

काय योग आहे बघ. जन्मभर आपण भावनगरच्या मातीची वाट पाहिली. ट्रक कुठे अडकला की तू ताहेरच्या पायरीवर जाऊन बसायचास, बाळंतिणीच्या खोलीबाहेर नवरा बसतो तसा. आणि आता माती जिथून निघते तिथेच राहायला गेलास, तर मातीला हात लावत नाहीस. आभाने मागे कळवलं होतं, "बाबा दिवसभर पेपर वाचतात." तुला पेपर वाचताना मी डोळ्यांसमोर आणूच शकत नाही. तू पेपर घ्यायचास तो ओल्या मूर्तींखाली अंथरायला.

आपली गणपतींची शेड आता शेड राहिलेली नाही. वडाळे तळ्याच्या त्या कोपऱ्यावर स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज झालं आहे. संध्याकाळी फिरायला गेलो की पाय तिथे रेंगाळतात. गॅरेजवाला विचारतो, "आजोबा, तुमची गाडी कुठली?" एकदा मी सांगून टाकलं, "उंदीर." त्याने माझ्याकडे असं पाहिलं की तेव्हापासून मी जरा लांबूनच बघतो.

मला काय दिसतं तिथे ते त्याला कसं सांगू? मला तू दिसतोस. तुझी ती कळकट बंडी, पायाच्या अंगठ्यापर्यंत मातीचे शिंतोडे. मी शाळा सुटली की थेट शेडवर यायचो. श्रावण लागेपर्यंत मला काही काम नसायचंच. शाळेत शिकवलेल्या कविता मी तिथे पुन्हा तुझ्यासाठी म्हणायचो. "हा आमचा रेडिओ," असं तू गिऱ्हाइकांना सांगायचास, "बॅटरी लागत नाही, फक्त चहा लागतो." मग मूर्ती वाळायच्या, अंगाला रंग बसायचे, आणि सगळ्यांत शेवटी माझी पाळी यायची. डोळ्यांची आखणी. तोवर ती माती, आखणी झाली की देव. मी कुंचला उचलला की तू निमूट बाहेर जायचास आणि शेडचं दार ओढून घ्यायचास. "ते तुझं खातं," म्हणायचास. इतक्या वर्षांत तू एकदाही डोळ्याला हात लावला नाहीस, आणि मी मातीला.

आणि तो ऐकणारा गणपती! चौथीत शेवटच्या तासाला गुरुजी स्वतः केलेली कविता म्हणायचे, ती तुला अजून पाठ असेलच:

ने रे वाऱ्या, गंध फुलाचा, दे रे वाऱ्या, घरोघरी;
फूल न पुसते कुणा दिला तो, तूहि न ठेवी तुझ्या घरी.

बाकीच्या पोरांचे कान घंटेकडे. तू मात्र हनवटी तळहातावर टेकवून ऐकत असायचास, तोंड अर्धं उघडं. त्यानंतर निम्मं आयुष्य गेलं, आणि एका दुपारी मी शेडमध्ये सहज तीच कविता म्हणत होतो, तर तुझ्या हातातल्या गोळ्याची हनवटी हळूच तळहातावर टेकली. मांडीवर पाटी आली. पाटीशेजारी खायचा विसरलेला मोदक आला. कविता ऐकणारा गणपती! असा गणपती त्याआधी कुणी केलेला मी तरी पाहिला नव्हता. त्याचे डोळे काढताना मी बाहुल्या किंचित वर ठेवल्या. फळ्याकडे नाही, गुरुजींच्या ओठांकडे.

त्याच गणपतीवरून आपलं बिनसलं, तेव्हा इथे थांबतो. शशिकला म्हणते, निवलेली राख उकरू नका.

यंदा ये. काही करू नकोस, नुसता ये.

तुझा,
प्रभाकर

ता. क. रिफिल बदलली, तरी तसंच. पेनच खराब दिसतं.



पनवेल,
१८ जुलै १९९१

प्रिय आनंदा,

सप्रेम नमस्कार. पत्र पोचलं असेल. उत्तर नाही, म्हणजे सगळं ठीक आहे.

इकडची हालहवाल अशी की पनवेल आता दोन झाली आहेत. जुनं आपलं, आणि रुळांपलीकडचं नवं. खांदा कॉलनीत इतक्या इमारती उठल्या आहेत की तिथे गेलो की मीच पाहुणा वाटतो. कळंबोलीकडे लोखंड नेणारे ट्रक दिवसभर धडधडत असतात. मांडणीवरची भांडी वाजतात. तेव्हा अक्षर हललेलं दिसलं तर दोष त्या ट्रकांचा. ताहेरचा जिब्रान कुवेतच्या लढाईतून जीव घेऊन परत आला, तो आता दुकानात बसतो आणि बापाला धंदा शिकवतो. ताहेर म्हणतो, "लढाई तिकडे संपली, इकडे चालू झाली."

आता खरी बातमी.

गेल्या महिन्यात एका रविवारी एक माणूस आला. उरणच्या बाजूच्या एका गावचा, गणू नावाचा. पस्तिशीचा असेल. त्याचा गणपतीचा कारखाना आहे. टॉवेलात गुंडाळून एक मूर्ती आणली होती, पांढरी, अजून रंग न दिलेली. त्याने टॉवेल सोडला आणि मी झोपाळ्यावरून उठूनच उभा राहिलो.

आपला ऐकणारा गणपती. आपलाच, आणि आपला नाही. हात हनवटीखाली नव्हता, गालावर गेला होता, आणि त्यामुळे मान एका बाजूला कलली होती. आनंदा, खोटं सांगत नाही, तो जास्त ऐकत होता.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

"मीच," गणू म्हणाला. "म्हंजे आदी आमच्या घरी पनवेलचा गनपती आनला व्हता, त्याचा पूजेच्या आदीच रबराचा साचा काढून ठेवला. पन रबर सोडवताना हनवटीखालचा हात मोडायचा. दर टायमाला मोडायचा. म्हून मी तो गालाव नेला. गालाव नेला तर मान वाकडी करावी लागली. बायको बोलली, आता खरा ऐकतो हाय."

"आणि ज्याने पहिला केला त्याला विचारावंसं नाही वाटलं?"

तो गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. "कोनी केला व्हता? आमाला वाटला, हा गनपती असाच असतो."

हे वाक्य मी रात्रंदिवस घोळवतो आहे. असाच असतो! जसा उभा असतो, जसा उंदरावर असतो, तसा हनवटी टेकून ऐकणाराही असतो, पहिल्यापासून. माझ्या मते कुठल्याही कारागिराला याहून मोठा मान मिळालेला नाही. आणि तुझ्या मते याहून मोठी चोरी झालेली नाही, हेही मला इथे बसून ऐकू येतं.

शेवटी राख उकरलीच मी. तर उकरू दे.

दर अनंत चतुर्दशीला तू साचे फोडून त्यांचे तुकडे तळ्यात सोडायचास. 'यंदाचं यंदा गेलं,' म्हणायचास. कुणाच्या हाती साचा लागू नये आणि तुलाही पुढल्या वर्षी नवं काही करावंच लागावं, अशी ती तुझी रीत. मग रबर आलं. रबराला तुझा साचा लागतच नाही, विकत घेतलेली एक मूर्ती पुरते. आणि त्या वर्षी आपण दोघं एस.टी. स्टँडवरून बाजारात आलो तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हातगाड्यांवर ऐकणारे गणपती बसलेले! मी काय केलं? मला आनंद झाला. मी भर रस्त्यात ती कविता म्हणायला लागलो. फूल न पुसते कुणा दिला तो...

"फुलाला पोट नसतं, पभ्या," तू म्हणालास.

"पोटाचं काय घेऊन बसलास? तुझ्या मूर्ती यंदाही सगळ्या गेल्या."

"गेल्या. पण पुढला गणपती मला सुचायचा नाही. सुचायच्या आधीच तो मला हातगाडीवर दिसायला लागेल."

"अरे, कविता सगळ्या वर्गाला पाठ असते, म्हणून कवीचं काय जातं?"

"पाठ म्हणणाऱ्या वर्गातून दुसरी कविता कुणी केली? एकाने तरी? तू केलीस?"

मला उत्तर आलं नाही. आत्तापर्यंत येत नव्हतं. मग तू जे बोललास ते मी कुणालाही सांगितलेलं नाही, शशिकलालासुद्धा. "तू वाटून टाक, वाटून टाक म्हणतोस, कारण तुझं कुणी नेऊच शकत नाही. तुझ्या डोळ्यांचं रबर निघत नाही. माझं निघतं." दिवाळी झाली आणि तू आभाकडे निघून गेलास. त्या वर्षीचे साचे फोडलेही नाहीस. ते गोणीत भरून मी आणि ताहेरने तळ्यात सोडले.

आता माझ्याकडे निम्मं उत्तर आहे. पाठ म्हणणाऱ्या वर्गातून गणूने एक ओळ नवी केली. हात गालावर नेला. पण उरलेलं निम्मं तुझ्या बाजूने आहे, तेही लिहितो. गणूला एक गणपती मिळाला, आणि त्याच्या बदल्यात तू गप्प झालास. तू इथे असतास तर आणखी किती, कसकसे गणपती केले असतेस, ते कुणालाच कळणार नाही. जे झालंच नाही त्याची हातगाडी लागत नाही.

गणू आला होता तो आखणी शिकायला. "काका, रबरातून सगला येतो, डोले नाय येत. ते सपाट निघतात. आमी काढलेले डोले मेल्यासारखे दिसतात." मी त्याला रोज दुपारी यायला सांगितलं. मग त्याच्याबरोबर आणखी येऊ लागले. पलीकडच्या आळीतली कृष्णाबाई येते, ती घरीच मूर्ती रंगवते. ओसरी भरते. मी तोंडी सांगतो. वरची पापणी आधी, एका श्वासात. खालची नंतर, मऊ. बाहुली शेवटी, आणि ती कुणाकडे बघते आहे ते आधी मनाशी ठरवल्याशिवाय कुंचला टेकवायचा नाही. गणू म्हणतो, "काका, एकदा काढून दावा ना." मी म्हणतो, कविता समजावून सांगायची असते, मास्तरने गाऊन दाखवली की पोरं नुसती चाल उचलतात.

शशिकला चहा घेऊन आली होती, तिने हे ऐकलं. सगळे गेल्यावर म्हणाली, "भावजींना खरं काय ते लिहा."

"काय खरं?"

"जे चहाच्या बशीला कळतं ते."

तिचं बोलणं हे असं. पत्राच्या ओघात आलं म्हणून लिहिलं, तू मनावर घेऊ नकोस.

गणूने ती पांढरी मूर्ती आमच्या घरच्या गणपतीसाठी ठेवून दिली आहे. कपाटावर बसली आहे. बिनडोळ्यांनी ऐकते आहे.

ये ना रे.

तुझा,
प्रभाकर



पनवेल,
३० ऑगस्ट १९९१

प्रिय आनंदा,

तुझं पार्सल पोचलं.

नमस्कार लिहायचा राहिला, तो इथे घे. खुशालीचं या वेळी लिहीत नाही.

पोस्टमनने पार्सल हातात दिलं तेव्हा मी आधी पत्त्याचं अक्षर पाहिलं. तुझं. 'पनवेल' कसं ताठ उभं होतं, ओळंब्यात धरल्यासारखं. सुतळी सोडली, गवत उपसलं, चिठ्ठी शोधली. गवताची काडी न् काडी झटकली. चिठ्ठी नव्हती. होती ती लाकडाची एक वस्तू, छोट्या घोडीसारखी. दोन पाय, वर आडवी पट्टी, पट्टीला एक खोबण, आणि खोबणीत मऊ कातडं बसवलेलं. पाय खालीवर सरकतात, खुंटीने पक्के होतात. मला वाटलं, तुझ्या नातवंडाचं खेळणं चुकून आलं.

शशिकलाने ती घोडी माझ्यासमोर चौरंगावर ठेवली, माझा उजवा हात धरला आणि मनगट त्या खोबणीत ठेवलं. बरोबर बसलं. तुला माझं मनगट केवढं आहे ते अजून आठवतं.

"मी तर काहीच लिहिलं नव्हतं त्याला," मी म्हटलं.

"तुम्ही कुठे लिहिलंत," ती म्हणाली. "अक्षराने लिहिलं."

तर, रिफिल चांगली होती. ट्रकांचाही काही दोष नाही. हात थरथरतो. गेल्या दिवाळीपासून. आधी रांगोळीची रेघ हलली, मला वाटलं थंडी. मग बशीत चहा सांडायला लागला. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी थोडं थांबेल, जायचं नाही, वाढत जाईल. सगळ्या शाळेला अक्षर वळवून देणारा मी, मला स्वतःची सही बँकेत दोनदा करावी लागते.

हे तुला का सांगत नव्हतो? मला वाटलं, तू दया येऊन येशील. मला तू यायला हवा होतास, पण तसा नको होतास.

आता तुझं मला कळतं, आनंदा. तू साचे फोडायचास, पण ते तू फोडायचास. माझा साचा आपोआप फुटत चालला आहे, आणि त्याबद्दल मला कुणी विचारलेलं नाही. डोळ्यांचं रबर निघत नाही, असं तू म्हणाला होतास. खरं होतं. निघत असतं तर आज मी पहिला रांगेत उभा राहिलो असतो, घ्या रे कुणीतरी काढून म्हणून. ओसरीवर मी सगळ्यांना शिकवतो त्याला ताहेर मोठं मन म्हणतो. कसलं मोठं मन! घर पेटलं की माणूस सामान शेजाऱ्याच्या अंगणात फेकतो, त्याला दान म्हणत नाहीत.

आणि गंमत पुढे आहे. त्यांच्यातल्या कुणाचेच डोळे माझ्यासारखे आले नाहीत. गणूचे खोडकर आले, आत्ता मोदक पळवील असे. कृष्णाबाईचे डोळे खाली वळतात, मांडीवरच्या पोराकडे बघावं तसे. सांगितलं सगळ्यांना एकच. मी मूर्तीमागून मूर्ती उचलून पाहिली, कुठेतरी माझी नजर सापडेल म्हणून. नाही सापडली. तुझं दुःख नेमकं याच्या उलट होतं, नाही का? तुला जिकडेतिकडे तूच सापडत होतास. दोन्हींपैकी जास्त वाईट कुठलं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण कृष्णाबाईच्या गणपतीसमोर मी बराच वेळ बसलो होतो. तशी नजर मला सुचली नसती.

काल सकाळी आंघोळ करून मी आमच्या घरच्या गणपतीची आखणी करायला बसलो. अंगाचे रंग शशिकलाने दिले होते. तुझी घोडी मूर्तीच्या उंचीला लावली, खुंट्या ठोकल्या, मनगट टेकवलं. श्वास धरला. मनगट थांबलं, आनंदा. किती महिन्यांनी थांबलं! उजव्या डोळ्याची पापणी आली, खालची रेघ आली, बाहुली ठेवली. किंचित वर, ओठांकडे. जुन्या जागी. शशिकला दारात उभी राहून तोंडाला पदर लावून बघत होती.

मग डाव्या डोळ्याकडे वळलो आणि बोटं सुटली. मनगट घोडीने धरलं होतं, बोटांना कोण धरणार? मी थांबलो. पुन्हा बसलो. पुन्हा थांबलो. कुंचला पाण्यात टाकून दिला.

आखणी एका बैठकीत पुरी करायची असते, अर्धी सोडायची नसते, हे ओसरीवर मीच सगळ्यांना बजावलं आहे. आणि माझ्याच घरी गणपती एका डोळ्याने बसला आहे. संध्याकाळी ताहेर आला. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि म्हणाला, "मास्तर, तुझा बाप्पा मला डोळा मारतोय." शशिकला इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग ते पाणी थांबेना, तेव्हा ताहेर उठून उगीचच मागच्या अंगणातली जास्वंद बघायला गेला.

गणू म्हणाला, "काका, दुसरा मी काढतो." काढला असता त्याने, चांगला काढला असता. मी नको म्हटलं.

आता विचारायचं ते विचारतो.

गणूने घोडी पाहिली. त्याच्या कारखान्यातल्या लोकांचे हात दिवसभर आखणी करून भरून येतात, त्यांना ही वस्तू म्हणजे सोनंच. लगेच उचलून उलटीपालटी केली. "काका, ही एक दिवस द्या, अशा आमी बनवून घेतो. पाय थोडे फाकवले ना, तर हलनार पन नाय." बघ! हातात घेतली नाही तोच सुधारायला लागला. सहा वर्षांपूर्वीचा मी असतो तर म्हणालो असतो, ने बाबा, फूल न पुसते. आनंदा, मी घोडी त्याच्या हातातून घेतली आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. जन्मात मी पुस्तकालासुद्धा कुलूप लावलं नव्हतं. त्याला म्हटलं, ही माझी नाही. ज्याची आहे तो भावनगरला असतो, त्याला विचारावं लागेल.

गणू म्हणाला, "मग इचारा. आमी थांबतो."

इतकं सोपं होतं बघ ते. आमी थांबतो. आपल्या त्या हातगाड्यांच्या रस्त्यावर हे कुणाला सुचलं नाही, मलाही नाही. चोरी आणि कविता यांच्यामध्ये एवढी लहानशी जागा होती, एका प्रश्नाएवढी.

तर विचारतो आहे. देऊ का? तू नाही म्हणालास तर ती कपाटातच राहील, आणि मी तुझ्याशी भांडणार नाही. हो म्हणालास तर गणूचे पाय फाकवलेली घोडी तुझ्या घोडीपेक्षा चांगली निघेल याची तयारी ठेव. काय ते इथे येऊन सांग. पत्राने सांगू नकोस. पत्रं लिहिण्यात तू किती तरबेज आहेस ते सहा वर्षं पाहतो आहे.

आणि हो, नवं काही आता सुचायचं नाही, असं म्हणाला होतास ना? ही घोडी मग कुठल्या हातगाडीवर पाहिलीस?

चतुर्थी पंधरवड्यावर आली आहे. मुंबईपर्यंत गाडी आहे, पुढे एस.टी. स्टँडवर ताहेर जिब्रानची गाडी घेऊन येईल. मातीच्या गोणीतून यायची गरज नाही.

डावा डोळा तू काढायचास. तू कधी डोळ्याला हात लावला नाहीस, ठाऊक आहे. तुझा हात अजून जागेवर आहे, ते मी पार्सलवर वाचलं. नजर माझ्याकडे आहे. मी शेजारी बसून सांगेन, वरची पापणी आधी, एका श्वासात. सांगता सांगता कविता म्हणेन. या वेळी कुणी बाहेर जायचं नाही आणि दार ओढायचं नाही. दोन डोळे सारखे येणार नाहीत. नसू देत. एक तुझा, एक माझा, असा गणपती अजून कुठल्याच रबरात नाही.

मी मूर्तीवर रुमाल टाकला होता, येणारेजाणारे हसतात म्हणून. शशिकलाने तो आज काढून टाकला. म्हणाली, "बघू दे त्याला. एका डोळ्याने का होईना, घरात वाट बघणारं आणखी कुणीतरी हवं."

तेव्हा तो आता दाराकडे तोंड करून बसला आहे. कान तुझ्या पावलांकडे.

तुझा,
पभ्या

(ही सही तुझ्या घोडीवर मनगट टेकवून केली आहे. रेघ सरळ आली का ते मला दिसत नाही. तू बघून सांग, इथे.)